३० चे नमुने घेऊनही सरासरी नॉर्मल (घंटेच्या आकाराची) का दिसत नाही?

प्रश्न:
लॉगनॉर्मल वितरणातून (आकड्यांचा लॉग घेतला की नॉर्मल होतं ते; लॉगची सरासरी ०, प्रमाण विचलन १) ३०-३० आकड्यांचे १०,००० नमुने कोड लिहून काढले आणि प्रत्येकाची सरासरी घेतली. हिस्टोग्रामला उजवीकडे लांब शेपूट येतं. १,००,००० नमुने घेतले तरी शेपूट तसंच, फक्त आलेख गुळगुळीत झाला. एन (एका नमुन्यातले आकडे) ३० झाला की सरासरी नॉर्मल व्हायला पुरे ना? चुकतंय कुठे?

प्रतिसाद १:
कोड ठीक दिसतोय, गल्लत दोन आकड्यांची आहे. ३० हा नमुन्याचा आकार, १०,००० ही आवर्तनं. आवर्तनं वाढवून ३० च्या सरासरीचं वितरण जास्त स्पष्ट दिसतं, पण ते बदलत नाही. बदलायचं तर एन वाढवा.

आणि ३० हा आकडा सेंट्रल लिमिट थिअरममध्ये (एन वाढला की सरासरीचं वितरण नॉर्मलकडे जातं, हा सिद्धांत) कुठेच नाही! सरासरीची विषमता (वितरण एका बाजूला किती झुकलंय त्याचं माप, सममित असेल तर ०) म्हणजे मूळ विषमता भागिले √एन. तुमच्या लॉगनॉर्मलची विषमता ६.१८ आहे, √३० म्हणजे ५.४८ ने भागली की १.१३ उरते, ती डोळ्यांना दिसणारच. एक्स्पोनेन्शियल वितरणाची विषमता २, तिथे ३० ला ०.३७ उरते. युनिफॉर्म वितरण (सगळ्या किमतींची शक्यता सारखी) मुळातच सममित, त्यामुळे एन ५ लाही घंटेचा आकार येतो. तुम्हाला विषमता ०.२ पर्यंत आणायची तर एन साधारण ९५० लागेल.

प्रतिसाद २:
कोडची खात्री अशी करा: त्या १०,००० सरासरींची सरासरी १.६५ च्या आसपास आणि प्रमाण विचलन २.१६/√३० (२.१६ हे मूळ वितरणाचं विचलन), म्हणजे ०.३९ च्या आसपास यायला हवं. यासाठी नॉर्मल असण्याची गरजच नाही. विचलन शून्य आलं तर सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) लूपच्या आत पडलंय, दर वेळी तोच नमुना निघतोय.

हिस्टोग्रामऐवजी क्यू-क्यू प्लॉट (तुमचे आकडे क्रमाने नॉर्मलच्या आकड्यांशी ताडून पाहणारा आलेख) काढा. मधला भाग लवकर जुळतो, शेपट्या उशिरा, आणि कॉन्फिडन्स इंटरव्हलचं (खरी सरासरी ज्यात असावी अशा अंदाजी पट्ट्याचं) सगळं काम शेपट्यांवर चालतं. अशा डेटात ज्या नमुन्यात मोठे आकडे आलेच नाहीत, त्याची सरासरीही कमी आणि विचलनही कमी. मग ९५ टक्क्यांचा टी-इंटरव्हल (नमुन्याच्याच विचलनावरून काढलेला असा पट्टा) आखूड होतो आणि खरी सरासरी त्याच्या वरच राहते. चुका बहुतेक त्याच बाजूला होतात.

प्रश्नकर्ता:
म्हणजे एन पुरेसा मोठा घेतला की कुठलंही वितरण चालेल?

प्रतिसाद १:
नाही, व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) मर्यादित हवा. कॉशी या खूप जाड शेपट्यांच्या वितरणातून दहा लाख आकड्यांची सरासरी घ्या, तिचं वितरण एकाच आकड्याइतकंच पसरट राहतं. पॅरेटो वितरणाचा अल्फा (तो जितका लहान तितकी शेपूट जाड) १.५ असेल तर सरासरी खऱ्या किमतीकडे जाते, पण √एन च्या वेगाने नाही आणि नॉर्मल तर होतच नाही. तिथे σ/√एन (मूळ प्रमाण विचलन भागिले √एन) चं सूत्र लावू नका.