बॅकग्राउंड चेक बाकी असताना राजीनामा कधी दिलात? अनुभव लिहा

भाचीला परवा ऑफर लेटर आलं. सध्याच्या कंपनीत नोटीस ९० दिवसांची, आणि लेटरमध्ये खाली एक ओळ: पडताळणी समाधानकारक झाली तरच नेमणूक कायम. ती ओळ तिने मला फोनवर दोनदा वाचून दाखवली. "मावशी, आज पेपर टाकू की थांबू?"

मी २०१९ मध्ये थांबले नव्हते. ऑफर आली त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. माझी पहिली कंपनी तोवर बंद पडली होती. पडताळणीवाले तिथे फोन करत राहिले, उचलणार कोण? नोटीस संपली आणि पुढे ४१ दिवस मी पगाराविना घरी. शेवटी फॉर्म १६ (कंपनीने दिलेला पगार आणि कापलेल्या कराचा दाखला), पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक यांवर काम झालं. हे कागद पहिल्याच दिवशी दिले असते तर ते दिवस टळले असते, ही हळहळ अजून आहे. तिच्या बाबतीत तसं होऊ नये, म्हणून विचारतेय. तुमचं काय झालं ते लिहा.

हिंजवडी
९० दिवसांची नोटीस असली की सगळी पडताळणी संपेपर्यंत थांबणं जमत नाही. सध्याच्या कंपनीकडे चौकशी बहुतेक वेळा शेवटच्या दिवसानंतरच होते, ती आधी पूर्ण होणारच नसते. मी एचआरला मेल केला: शिक्षण आणि जुन्या नोकऱ्यांची तपासणी झाली की कळवा, त्या दिवशी राजीनामा देतो. अकराव्या दिवशी उत्तर आलं, दुपारी पेपर टाकला. जॉइनिंग ११ दिवस पुढे गेलं, कुणी हरकत घेतली नाही. भाचीला सांगा, फोनवरच्या "होऊन जाईल"वर जाऊ नकोस, मेलवर घे.

सांगली–वाकड
माझं अडलं पत्त्यावर. कायमचा पत्ता सांगलीचा. पडताळणीचा माणूस घरी आला, दाराचा फोटो काढला आणि आईला विचारलं, मुलगा इथे राहतो का? आई खरं तेच बोलली, "नाही हो, तो पुण्याला असतो." शेरा पडला: पत्ता जुळत नाही. माझी नोटीस तेव्हा निम्मी सरली होती. पुन्हा भेट होऊन शेरा बदलेपर्यंत रात्री झोप नव्हती. घरच्यांना आधी सांगून ठेवा की असा माणूस येईल, आणि तो कायमच्या पत्त्याबद्दल विचारतोय.

ठाणे
पीएफ नक्की बघा. माझ्या जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नव्हती, त्यामुळे कागदावर मी दोन ठिकाणी एकाच वेळी नोकरीला! शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख यूएएनच्या (पीएफ खात्याच्या कायम नंबरच्या) साइटवर आपली आपल्याला भरता येते. राजीनाम्याच्या आधी हे करा, नंतर धावपळ होते.

इंग्लंड, शाळेत शिक्षिका
इथल्या सरकारी शाळांत सप्टेंबरपासून नव्या शाळेत जायचं तर राजीनामा ३१ मेपर्यंत द्यावा लागतो. ती तारीख हुकली की पुढचं सत्र जुन्याच शाळेत. माझी मुलाखत मेच्या तिसऱ्या आठवड्यात झाली, संदर्भपत्रं यायची होती, डीबीएस (गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी) बाकी होतं. मी मुख्याध्यापिकेला सरळ जाऊन सांगितलं. तिने संदर्भपत्र त्याच दिवशी पाठवलं, दुसरंही दोन दिवसांत आलं, मग मी राजीनामा दिला. डीबीएस जूनमध्ये आलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच तेवढं धाडस केलं.

नाशिक
माझी ऑफर रद्द झाली. सात महिने घरी होतो, ते सीव्हीत झाकायला आधीच्या नोकरीची तारीख पुढे ओढली होती. नोटीसचा साठावा दिवस होता. साहेबांच्या केबिनबाहेर अर्धा तास उभा राहिलो, मग आत जाऊन सगळं खरं सांगितलं. राजीनामा मागे घेऊ दिला त्यांनी. माझ्या जागी माणूस मिळाला नव्हता म्हणून. वडिलांच्या आजारपणासाठी घरी होतो, एवढं लिहिलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. भाचीच्या सीव्हीत अशी एखादी तारीख असेल तर आजच एचआरला कळवायला सांगा, राजीनाम्याच्या आधी.

मावशी
तिला सगळं वाचून दाखवलं. नाशिककर, तुमचं वाचताना ती गप्प झाली, मग म्हणाली, "माझेही दोन महिने जुळत नाहीत." आता एचआरला मेल लिहायला बसली आहे. राजीनामा सध्या ड्राफ्टमध्येच ठेवलाय.