पहिल्यांदा कळलं नाही, पण सुटलंही नाही: असं संगीत तुम्हाला कुठे भेटलं?

काल आमच्या गल्लीत लग्नघरी गोंधळ होता. रात्री साडेअकराला मी पाणी भरत होते, तेवढ्यात संबळ एकदम दुगुणीत गेला. खाली तुणतुण्याचा एकच स्वर आणि वर दोघे गोंधळी एकमेकांच्या ओळीवर ओळ टाकतायत. कळशी भरून वाहायला लागली तरी मी तिथेच उभी.

आणि आठवली १९९६ ची हॉस्टेलची खोली. मैत्रिणीच्या भावाने एक कॅसेट भरून पाठवली होती, वर पेनाने नुसतं 'ऑर्नेट' लिहिलेलं. अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनचं 'फ्री जॅझ', डिसेंबर १९६० मध्ये वाजवलेलं, सलग ३७ मिनिटं. मी चौथ्या मिनिटाला बंद केली. भांडण चाललंय असंच वाटलं. मैत्रीण मात्र रोज रात्री लावायची, त्यामुळे पर्याय नव्हता. पाचव्या-सहाव्या रात्री कधीतरी लक्षात आलं की वर सगळे सुटलेत, पण ड्रम आणि बासने लय घट्ट धरून ठेवलीय. आणि दर थोड्या वेळाने सगळे मिळून एक छोटा तुकडा वाजवतात, मग पुढच्याची पाळी. तेव्हापासून ते संगीत माझं झालं. काल संबळ ऐकताना तेच: वर काहीही होवो, खालची लय हलत नाही.

तुमचंही सांगा. जॅझ, लोकगीतं, प्रोग रॉक, काहीही. कुणामुळे भेटलं तेही लिहा. भाकरी टाकून येते.

तांबडा_रस्सा
आधी हे सांगा, दोन्ही कानांनी ऐकलंत का? त्यात दोन चौकड्या आहेत. डाव्या बाजूला कोलमन आणि डॉन चेरीची, उजव्या बाजूला एरिक डॉल्फी आणि फ्रेडी हबर्डची. दोन्हीकडे वेगळा बास, वेगळे ड्रम. माझ्या वॉकमनचा उजवा कान गेलेला होता, सहा महिने मी अर्धेच लोक ऐकले आणि तेवढ्यावरच खूश होतो. नवीन इयरफोन घेतला तेव्हा एसटीत होतो, सांगली-मिरज. उजवीकडून डॉल्फीचा बास क्लॅरिनेट आला आणि मी सीटवरून उठून उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, उतरायचंय का?

धागाकर्ती
अर्धे!! आमच्या टेपला स्पीकरच एक होता. म्हणजे आठही जण एकाच भोकातून यायचे. एवढी गर्दी का वाटायची ते आज कळलं. आज रात्री इयरफोन लावून ऐकते.

खाली_भरी
तबलावाला आहे, त्यामुळे माझं सगळं मात्रांवरून सुरू होतं. चुलतभावाने पिंक फ्लॉइडचं 'मनी' लावलं, तो मान हलवतोय आणि माझं गणित चुकतंय. मांडीवर मोजलं तर सात! सात मात्रांचा रूपक ताल धरून बसलो. सॅक्सोफोनपर्यंत सुखाने चाललं, आणि गिटार सुरू झाली तशी मंडळी चारात गेली. हात हवेतच राहिला. पुढे परत सातात येतात.

मग अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकचं 'टेक फाइव्ह'. पाच मात्रा, म्हटलं अर्धा झपताल आहे, सोपं. पण झपताल दोन-तीन, हे तीन-दोन. गुरुजींना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं, मग म्हणाले, "परत लाव, आता तू सम दाखव." अर्धा तास तेच चाललं होतं. त्याच १९५९ च्या रेकॉर्डवर नऊ मात्रांचंही एक आहे, दोन-दोन-दोन-तीन. ती लय ब्रूबेकने तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकली होती. आदल्या वर्षीच्या त्या दौऱ्यात तो मुंबईलाही आला होता. आमचे गुरुजी तेव्हा सहा वर्षांचे.

पाटावरचा_वरवंटा
गोंधळी कुठले होते? आमच्या लग्नात तुळजापूरचे आले होते, पहाटे पाचपर्यंत. नवरा बसल्याबसल्या झोपला, मी जागी.

धागाकर्ती
बार्शीकडचे म्हणाले. आमचेही अहो झोपलेच.

फोंड्याची
मी केसरबाईंमुळे बल्गेरियात पोचले. अंतराळात पाठवलेल्या व्हॉयेजर यानावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. बाई आमच्या फोंडे तालुक्यातल्या केरीच्या, त्यामुळे घरात याचा केवढा अभिमान. एकदा सहज बघितलं की बाईंच्या सोबतीला अजून कोण आहे. त्यात वाल्या बाल्कान्स्का नावाची बल्गेरियन गायिका, मागे दोन मशकवाद्यं एकच स्वर धरून. काय आवाज! या डोंगरावरून त्या डोंगरावर फेकलेला. माझी आजी मळ्यातून हाक मारायची तो सूर डोक्यात आला. भाषा एक अक्षर कळत नाही. मग तिथल्या बायकांचे समूह ऐकायला लागले, अगदी जवळजवळचे दोन स्वर एकमेकींना घासत गातात, आपल्याला बेसूर वाटावं इतके जवळ, पण एक केसही ढळत नाही. महिनाभर दुसरं काही ऐकलं नाही.

'व्हॉयेजर १' हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला सुटलं. केसरबाई १६ ला गेल्या. मला ते अकरा दिवस सारखे आठवतात.

खाली_भरी
अंगावर काटा आला, ताई.

खडू_फळा
पहिली नेमणूक जव्हारजवळच्या पाड्यावर. तारप्याचा, म्हणजे भोपळ्याच्या फुंकवाद्याचा, नाच रात्रभर बघितला. मधे तारपावाला, भोवती नाचणारे, तारप्याला कुणी पाठ करत नाही. मला एकच प्रश्न पडलेला, हा माणूस श्वास कधी घेतो? आवाज तुटतच नाही. शेजारचे बाबा म्हणाले, "गुरुजी, गाल बघा." बघितलं. गालात हवा धरून ती ढकलायची आणि तेवढ्यात नाकाने आत ओढायची. वर्षांनी पुण्यात मित्राने इव्हान पार्करचा एकट्याचा सॅक्सोफोन ऐकवला, न तुटणारा, एका वेळी दोन-तीन वाद्यं वाजल्यासारखा. मित्र समजावून सांगायला लागला. म्हटलं, मला माहितेय, भोपळ्यातून ऐकलंय मी हे. बाकी जॅझ मला अजून फारसं येत नाही, पण तेवढं एक कळतं. शाळेची घंटा झाली.

गल्ली_नंबर_तीन
माझ्याकडे ४०-५० कॅसेट आहेत, पांढरी बुरशी आलीय. कुणी साफ केल्यात का? विषयाशी संबंध नाही, सॉरी.

तांबडा_रस्सा
तशीच लावू नका, टेपचं हेड खराब होईल आणि बाकीच्या कॅसेटींनाही लागेल. घट्ट बसलेली असेल तर आधी पेन्सिलीने हळू सैल करा. हेड मात्र दर वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. काय काय आहे त्यात?

गल्ली_नंबर_तीन
बाबांनी रेडिओवरून भरलेलं आहे बरंचसं. नावं नाहीत वर.

मधली_बहीण
दादाने मुंबईच्या ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानातून 'शक्ती' या बँडची पहिली एलपी आणली होती. जॉन मॅकलॉक्लिन, एल. शंकर, झाकीरभाई, विनायकराम. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका कॉलेजात प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित केलेली. आई म्हणायची, गिटारवाल्याला कुणीतरी पाणी द्या, किती पळतोय. दादा मला हाताला धरून बसवायचा, म्हणायचा आता घटम ऐक, फक्त घटम. मी नऊ वर्षांची. मला मडकं एवढं बोलतं हे खरंच वाटायचं नाही.

ऱ्हिदम हाउस २०१६ ला बंद झालं. दादा २०१९ ला गेला. १५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले तेव्हा मी ती एलपी काढली. प्लेअर नाहीये आता, नुसतं कव्हर मांडीवर घेऊन बसले.

फोंड्याची
काय लिहू. मिठी.

खाली_भरी
ताई, कुठे राहता? माझ्याकडे प्लेअर आहे, चालू आहे. ठाण्यात. कधीही या, चहा माझ्याकडे.

मधली_बहीण
मुलुंड!! खरंच येऊ?

खाली_भरी
रविवारी या. घटमच ऐकू आधी.

ल्योंहून
लिहू की नको करत होते. फ्रेंच शिकत होते तेव्हा सराव म्हणून इथल्या 'माग्मा' या बँडचं १९७३ चं रेकॉर्ड घेतलं. चाळीस मिनिटं कोरस, ढोल, एकाच तुकड्यावर चढत चढत जाणं, आणि मला एक शब्द लागेना. रडकुंडीला आले, इतके महिने वाया गेले म्हणून. ऑफिसातल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, अगं ती फ्रेंच नाहीच, त्यांच्या ड्रमरने बनवलेली भाषा आहे. त्या रात्री परत लावलं आणि तराणा ऐकते तसं ऐकलं. लगेच आवडलं. अजून डबा भरताना लावते.

पाटावरचा_वरवंटा
डब्याला काय असतं तिकडे?

ल्योंहून
आज मेथीचे ठेपले. मेथी मिळाली!

धागाकर्ती
ऐकलं. सासूबाई जाग्याच होत्या, काय ऐकतेस म्हणाल्या. उजवा कान त्यांना दिला, डावा मी घेतला. ३७ मिनिटं बसल्या. मधे एकदा म्हणाल्या, "माझ्याकडचा जास्त भांडतोय."

तांबडा_रस्सा
तो डॉल्फी. काकूंना माझा नमस्कार सांगा.