जलेबीला उगाच बदनाम करू नका

मुलं जलेबी फार खातात म्हणून जंत होतात, असं वर एका ताईंनी लिहिलंय. इंदूरात पोह्यांबरोबरची जलेबी काही सुटायची नाही, पण गोडाने जंत होत नाहीत. गोल जंतांची अंडी विष्ठेतून मातीत जातात, तिथे २ ते ४ आठवड्यांत पक्व होतात आणि न धुतलेल्या हातांवाटे, गाजर-मुळ्यांवाटे पोटात येतात. अंकुशकृमी (हुकवर्म) हा दुसरा जंत तर मातीतून अनवाणी पायांच्या कातडीतूनच शिरतो. चपला घेऊन द्या, पोरं त्या मैदानाच्या कडेला काढूनच खेळणार! १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची असते. ती पोटातले जंत मारते, मातीतली अंडी नाही, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते. शाळेच्या नळापाशी साबण असतो का, तेही विचारा.