‘टायटल क्लिअर’ म्हणजे नेमकं काय क्लिअर?

प्रश्न : तासगाव तालुक्यात एक एकराचा व्यवहार ठरतोय. सातबाऱ्यावर एकट्याचंच नाव, कर्जाचा बोजा नाही. एजंट म्हणतो, ‘टायटल क्लिअर आहे, इसार देऊन टाका.’ सातबाऱ्यावर नाव म्हणजेच टायटल ना?

उत्तर १ : नाही. सातबारा हा महसुली उतारा. जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५७ प्रमाणे त्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढंच. टायटल म्हणजे मालकीहक्क. तो खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटप, मृत्युपत्र किंवा वारसा यांतून येतो. म्हणून नाव कुठल्या फेरफाराने (सातबाऱ्यावरच्या बदलाच्या नोंदीने) लागलं ते बघा. तो फेरफार काढा, मग त्याच्या मागचा, असं निदान ३० वर्षं मागे जा. जुने हस्तलिखित सातबारेही मागवा, कारण संगणकीकरणात काही शेरे सुटलेत.

नावाआधी ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर तिथंच थांबा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्याचं नाव लागलेलं असतं, धाकट्यांचा हिस्सा तसाच शाबूत असतो.

उत्तर २ : वारसाच्या फेरफारात मुलींची नावं आहेत का, हे आधी पाहा. सगळ्यात जास्त दावे इथंच उभे राहतात. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली विक्री मात्र त्यामुळे मोडत नाही. ‘बहिणींनी तोंडी सोडलंय’ यावर विसंबू नका. नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा, नाहीतर खरेदीखतावर त्यांच्या सह्या घ्या.

उत्तर ३ : सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’चा रकाना कुणी नीट वाचत नाही. आपल्याकडे धरणांच्या लाभक्षेत्रात ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा असतो. तो असेल, किंवा भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल, तर परवानगीशिवाय खरेदी नको. देवस्थान इनाम (देवस्थानाला इनाम दिलेली जमीन) असेल तर नादच सोडा.

प्रश्नकर्ता : फेरफारात ‘ए.कु.मॅ.’च आहे, आणखी दोन भाऊ आहेत. इसार थांबवू?

उत्तर १ : थांबवा. नोंदणीकृत वाटपपत्र झालंय का विचारा. नसेल तर दोन्ही भाऊ आणि बहिणी लिहून देणार (विकणारे) म्हणून खरेदीखतात आलेच पाहिजेत. वकिलाकडून दुय्यम निबंधक कार्यालयातला ३० वर्षांचा सर्चही (नोंदवलेल्या दस्तांचा शोध) काढून घ्या. दुसऱ्या कुणाला साठेखत (पुढे विकण्याचा करार) करून दिलं असेल तर ते सातबाऱ्यावर दिसेलच असं नाही. नोंदवलेलं असेल तर इंडेक्स २ मध्ये (तिथल्या नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीत) सापडतं.