मदत हवी आहे : सायनसच्या शस्त्रक्रियेत औषध सोडणारे इम्प्लांट बसवावे का? (नागपूर)

नमस्कार. माझ्या यजमानांचे वय ५८ असून त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. नाकातील पॉलिपसाठी (आतल्या अस्तरावर वाढणाऱ्या मऊ गाठींसाठी) २०१७ मध्ये त्यांची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली होती. परंतु पॉलिप पुन्हा वाढले आणि वास येणे तर पूर्णच बंद झाले. मागच्या आठवड्यात गॅसवर दूध करपून घरभर वास सुटला, तरी हे शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसले होते.

आता धंतोलीतील डॉक्टरांनी पुन्हा शस्त्रक्रिया सुचवली असून, एथमॉइड सायनस (नाक आणि डोळे यांच्यामधील हाडातल्या लहान पोकळ्या) मोकळे केल्यावर तेथे स्प्रिंगसारखे, आपोआप विरघळणारे इम्प्लांट बसवता येईल, असे सांगितले. ते जखमेच्या कडा एकमेकींना चिकटू देत नाही आणि साधारण महिनाभर जागेवरच मोमेटासोन हे स्टिरॉइड सोडत राहते. अशा प्रोपेल नावाच्या इम्प्लांटला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली असून त्यात ३७० मायक्रोग्रॅम औषध असते, असे माझ्या वाचनात आले. यांच्या नाकातल्या स्प्रेतही मोमेटासोनच आहे आणि त्याची रोजची मात्रा २०० मायक्रोग्रॅम आहे; म्हणजे दोन्ही बाजूंचे इम्प्लांट मिळूनही चार दिवसांच्या स्प्रेएवढेच औषध होते.

हा हिशेब मांडण्याचे कारण असे की, मागच्या वेळी शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी यांची साखर ३४० पर्यंत गेली आणि काही दिवस इन्सुलिन घ्यावे लागले. नाकातील पट्टी काढतानाच्या वेदनांपेक्षाही (ती पट्टी संपता संपत नव्हती!) त्यांना त्या दिवसांचीच अधिक धास्ती आहे.

ज्यांनी स्वतः किंवा घरातील कोणी असे इम्प्लांट बसवून घेतले आहे, त्यांनी कृपया सांगावे की, त्यामुळे स्टिरॉइडच्या गोळ्या खरोखर टळल्या का, की त्या घ्याव्याच लागल्या? मिठाच्या पाण्याने नाक धुताना किंवा जोराची शिंक आल्यावर इम्प्लांटचा तुकडा बाहेर आला का, आणि खपल्या काढण्यासाठी डॉक्टरांकडे किती वेळा जावे लागले? आरोग्य विम्याने इम्प्लांटचा वेगळा खर्च मान्य केला का, हेही कळल्यास बरे होईल. मधुमेह असलेल्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल. डॉक्टरांना आमचा निर्णय येत्या सोमवारी कळवायचा आहे.