बागेत सापडलेले हाड कोणत्या प्राण्याचे असावे?

प्रश्न:
बागेत रोपासाठी खड्डा खणताना वीतभर खोलीवर एक तपकिरी हाड सापडले. त्याची लांबी सुमारे १३ सेंटिमीटर आहे. एका टोकाला शेजारी शेजारी दोन गोल उंचवटे असून त्यांच्यामध्ये खोल खाच आहे, दुसरे टोक सपाट आहे आणि दांड्यावर पुढच्या बाजूने एक बारीक उभी पन्हळ वरपासून खालपर्यंत जाते. हे माणसाचे तर नसेल ना, या शंकेने घरातले सगळेच अस्वस्थ आहेत. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर:
आपण वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे काळजीचे कारण नाही, असे मी खात्रीने सांगू शकतो. ही शेळी किंवा मेंढीच्या पायाची, खुराच्या वरची नळी असावी. रवंथ करणाऱ्या प्राण्यांमध्ये पायाच्या तळव्याचे तिसरे आणि चौथे हाड जुळून एकच नळी बनते. ती पन्हळ म्हणजे त्या जोडाची खूण, आणि खालचे दोन उंचवटे दुभंगलेल्या खुराच्या एकेका भागासाठी असतात. माणसाच्या तळहातातली व तळपायातली हाडे सुटी आणि याहून बरीच लहान असतात. घोड्याच्या नळीला खाली असे दोन वेगळे उंचवटे नसतात, तर गाय-म्हशीची नळी बरीच लांब व जाड भरते. वासराची शक्यता मात्र उरते, म्हणून दांड्याची जाडीही मोजून कळवावी.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. दांडा मध्यभागी जेमतेम दीड सेंटिमीटर रुंद आहे. कडेला जवळजवळ समांतर असे बारीक ओरखडे दिसतात. ते सुरीचे असतील का?

दुसरे उत्तर:
एवढ्या सडपातळ दांड्यावरून वासराची शक्यता मागे पडते. जोडीजोडीने, सपाट तळाचे ओरखडे असतील तर ते उंदीर-घुशींच्या पुढच्या दातांचे समजावेत. सुरीची खूण अरुंद आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोल असते, तर कुत्र्याच्या दातांनी टोकांजवळ खड्डे पडतात. दांड्याचा आडवा छेद चौकोनी वाटला तर पाय मागचा, पुढून-मागून चपटा वाटला तर पुढचा. शेळी की मेंढी, हे केवळ छायाचित्रावरून ठरवू नये असे माझे मत आहे. त्यासाठी दोन्ही टोकांची मापे घेऊन ती ओळख पटलेल्या हाडांशी ताडून पाहावी लागतात. हाड उकळू नका, मऊ ब्रशने साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा.