वठलेली झाडं: काढायची की उभी ठेवायची?

रानपिंपळ
झाड वठलं की कुजण्याआधी ते काढून घ्यायचं, हा जंगल राखण्याचा जुना शिरस्ता. सुतार पक्ष्यांच्या मुळावर येणारी याहून वाईट सवय मला माहीत नाही. बहुतेक सुतार ढोली कोरतात ती मेलेल्या किंवा बुरशीने आतून मऊ पडलेल्या खोडात. खाण्याच्या अळ्याही तिथल्याच सालीखाली. सोडून दिलेल्या ढोलीत पुढे पिंगळे, उडत्या खारी राहायला येतात, कारण त्यांना स्वतःला कोरता येत नाही. स्वीडनमध्ये लाकडासाठी सूचिपर्णी झाडं वाढवली, जुनी पानझडी झाडं गेली आणि पांढऱ्या पाठीचा सुतार जवळजवळ संपला.

मोजपट्टी
असहमत. स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जंगलात साल पोखरणारा भुंगा शिरला की मरणारी झाडं वेळीच काढावी लागतात, नाहीतर शेजारची निरोगी झाडंही जातात. लाकडावर पोट असलेल्यांनी ते बघत बसायचं का?

रानपिंपळ
भुंगा वाढतो तो नुकत्याच मरू लागलेल्या झाडात. साल गळून गेलेलं जुनं खोड त्याच्या कामाचं नाही, तरी साफसफाईत तेही जातं. पोलंडच्या बियावोविएझा अरण्यात भुंग्याचंच कारण देऊन तोड वाढवली, त्यात शंभरी ओलांडलेली झाडंही पडली. २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने ती तोड नियमबाह्य ठरवली. वाटेवर पडेल असं झाड जरूर तोडा, त्यावर वाद नाही. पण मुळाशी कशाला? दोन पुरुष उंचीचं खोड राहू द्या.

सावरी
दोघंही मेलेल्या झाडावरच अडलात. अमेरिकेच्या आग्नेय भागातला रेड-कॉकेडेड सुतार जिवंत पाइनमध्ये ढोली कोरतो. झाड म्हातारं, गाभ्यात बुरशी धरलेलं लागतं आणि एका ढोलीला कित्येक वर्षं जातात. भोवती लहान भोकं पाडून तो राळ वाहती ठेवतो, म्हणजे साप वर चढत नाही (हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झाले होते). त्याला खालची जमीन मोकळी हवी. वणवे विझवत राहिल्याने झुडपं माजली आणि पक्षी निघून गेले. आता तिथे ठरवून आग लावतात. १९८९ च्या ह्यूगो वादळात फ्रान्सिस मॅरियन जंगलातली ढोलीची बहुतेक झाडं पडली, तेव्हा उरलेल्या झाडांत लाकडी पेट्या बसवून पक्षी टिकवला. जंगलाला हातच लावायचा नाही असं ठरवलं असतं तर तो उरला नसता.

मोजपट्टी
हे पटलं. म्हणजे विरळणीला, मधली काही झाडं काढून जंगल मोकळं करण्याला, तुमची हरकत नसावी.

रानपिंपळ
विरळणीला नाही. पण काय काढता ते बघा. उत्तर अमेरिकेतला काळ्या पाठीचा सुतार जळलेल्या जंगलात येतो, तोही आगीनंतरची पहिली काही वर्षंच, आणि नेमकं तेव्हाच जळकं लाकूड उचललं जातं. शिवाय सावरीताई म्हणतात ते म्हातारं झाड येणार कुठून? लाकडासाठी वाढवलेल्या जंगलाच्या आराखड्यात झाड म्हातारं होण्याआधीच कापायचं लिहिलेलं असतं. ती ओळ आधी बदला, मग विरळणीचं बोलू.